सहा किलो दोनशे

शेवटचा हात कालच द्यायचा होता.
पण काल आभाळ उतरलं नाही, पौषातला गारठा,
आणि गारठ्यात रेझिन बसत नाही, नुसतं चिकटून राहतं
जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
आज ऊन आहे. अंगणात दोन ड्रम, त्यांवर पोतं,
पोत्यावर ती उताणी.

सात फूट. वर-खाली सावरीच्या पातळ पट्ट्या,
मधे बांबूचा कणा,
पोटात थर्माकोल,
सोसायटीच्या ओट्यामागं फेकलेल्या पेट्यांचा,
ज्यांतून बर्फावर निजून आंध्राची मासळी येते
आणि आमची मरळ टोपलीत तशीच घरी परतते.
पेट्या कुणी मोजत नाही. मी मोजल्या. अकरा.

कर्नाटकात, समुद्राकाठी, तीन वर्षं
मी दुसऱ्यांच्या फळ्या सांधल्या.
नाक तुटलेल्या, शेपूट चिरलेल्या.
एकदाही एकीवर उभा राहिलो नाही.
मालक म्हणायचा, उद्या.
तो उद्या शेवटी माझ्यासोबतच गाडीत बसला,
गोंदियाला बदलला, अर्जुनीला उतरला.

ज्यांना यायचं ते येऊन पाहून गेले.
इस्त्रीचा टेबल, म्हणाली सत्यफुला वहिनी.
मयत न्याले हलकी हाये, म्हणाला बकाराम,
एकटाच हसला, मग खोकला.
पोट्ट्यांनी विचारलं, इंजिन कुठं बसवतं?
हिला लाट लागते, मी म्हणालो.
मंग लाट कुठून आणशील गा?

मी घासत राहिलो. ऐंशीचा कागद, एकशेवीसचा, दोनशेवीसचा,
मग चारशेचा, पाणी मारून मारून,
हात कुठं संपतो ते हाताला कळेना तोवर.

बा चार महिने या अंगणातून गेला, आला. बोलला नाही.
त्यानं जन्मभर डोंगे कोरले, अख्ख्या खोडातून, वाकसानं.
बूड किती उरलं ते तो बोट वाजवून ओळखायचा.
आज थांबला. विडी कानावर ठेवली.
मधलं बोट वाकवून नाकापासून निघाला,
टक, टक, कान खाली करून,
आणि शेपटीच्या चार बोटं अलीकडे
मागं फिरला. पुन्हा वाजवलं.
इथं पोकळ हाये.

मला दिसत नव्हतं. उन्हात तिरकी धरली तरी नाही.
सुईनं भोक पाडलं तर बारीक फुस्स,
भादव्यात कोंडलेली हवा.

ढोरांच्या दवाखान्यातून नानेश्वरनं मोठी पिचकारी आणली.
दहाला एक हार्डनर.
बानं भोकावर अंगठा दाबला
आणि उभा राहिला, आतलं तापून बसेस्तोवर,
माझ्याकडे न बघता, तळ्याकडे बघत.
अंगठा काढला तर ठसा राहिला होता.
घासायला मी कागद उचलला.
ठेवला.

मग शेवटचा हात. ओल्यावर एक चिलट बसलं,
काढायला गेलो तर पाय मोडला असता. तेही राहू दिलं.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या काट्याला दोरानं टांगली,
काट्यावर वाळलेले खवले.
सहा किलो दोनशे.
याच्याहून वल्हं जड रायते, बा म्हणाला.
नावाजत होता की काय, कळलं नाही.

दुपारी पाळीवरून उतरून पाण्यात घातली.
देवधान बाजूला सरलं. तळं निपचित,
तुडूम बंद, सलंग कोरडी.
पोटावर पडून हातांनी मध्यापर्यंत गेलो
आणि तिथं नुसताच राहिलो, बराच वेळ,
पाठीवर ऊन, पोटाखाली अकरा पेट्या.

मग पलीकडच्या काठानं बकारामच्या म्हशी उतरल्या,
एकोणीस, सगळ्या एकदम,
आणि एक जाडसर वळी निघाली तिकडून,
कमळाची पानं एकेक उचलत, ठेवत, उचलत,
माझ्याकडे.

मी गुडघा टेकला. दुसरा पाय उचलला.
पोट्टे पाळीवरून काहीतरी ओरडत होते.